पावलांचं माप

धर्मापुरीच्या पंचाक्षरी स्वामीला आज बघितलं तर कुणाला खरं वाटत नाही, की या वाळक्या काटकीला एकदा चौघांनी दोरी लावून खड्ड्यातून वर ओढलं होतं. पण ओढलं होतं, विहिरीत पडलेला रेडा काढावा तसं. स्वतः पंचाक्षरीच हे सांगताना आधी पोट धरून हसतो आणि मग उपरण्याच्या टोकानं डोळे पुसत बसतो. गाव त्याला स्वामी म्हणतं, अहोजाहो करतं. आपण नुसतं पंचाक्षरी म्हणू, नाहीतर एवढ्या मानाच्या माणसाच्या पोटाबद्दल मोकळेपणानं बोलता यायचं नाही.

गोष्ट निजामाच्या अमदानीतली. अंबाजोगाईला तेव्हा सरकारदरबारी मोमिनाबाद म्हणत, परळीत अजून आगगाडी यायची होती, आणि धर्मापुरीहून कुठं जायचं तर आपले पाय नाहीतर दुसऱ्याचे बैल. पंचाक्षरी गावात आला तेव्हा त्याला नीट मिसरूडही फुटलं नव्हतं. आईबाप लहानपणीच गेलेले, मठात वाढलेला. जातीनं जंगम, म्हणजे लिंगायतांचा गुरू. बारसं असो, लग्न असो की मयत, जंगमावाचून काही पुढं सरकत नाही. गुरू दारात आला की त्याचे पाय धुवायचे आणि त्याला जेवू घालायचं, हा भक्ताचा धर्म. मठात मात्र या गुरूला एका वेळची कोरडी भाकरी मिळे, तीही मोठ्या स्वामींची झोप मोडली नाही तर.

पहिल्या दिवशी तो घंटा वाजवत महारुद्र वाण्याच्या दारात उभा राहिला. महारुद्राचं किराण्याचं दुकान होतं, माणूस अबोल. त्याची बायको उमाबाई त्याच्या वाटचंही बोलायची. चणीनं एवढीशी, पावलं तर शाळकरी पोरीची वाटावीत. पाय धुवायला तांब्या घेऊन ती बाहेर आली, पंचाक्षरीकडं बघितलं आणि पाणी ओतायचंच विसरली.

"अवो, भाईर या!" तिनं नवऱ्याला हाक मारली. "ह्या स्वामीला मठात नुसता वारा खाऊ घालत व्हते का काय, बघा तरी!"

त्या दिवशी तिनं हुग्गी केली होती. उखळात कांडलेल्या गव्हाची, गूळ घालून आटवलेली, वर तुपाची धार. सोबत भाजक्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी आणि करडईच्या तेलात परतलेली अंबाडी. पंचाक्षरी खाली मान घालून जेवत होता आणि उमाबाई वाढत होती. त्याचा हात थांबला की तिची पळी यायची. 'पुरे' हा शब्द त्याला ठाऊकच नव्हता, कारण मठात तो म्हणायची वेळ कधी आली नव्हती. शेवटी त्यानं रिवाजाप्रमाणं ताटात पाणी ओतलं, बोटानं ताट धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. गुरूच्या पानात पडलं तो प्रसाद. प्रसादाचं शीत टाकायचं नसतं. हा रिवाज ज्यानं घातला त्यानं उमाबाईचं वाढणं बघितलं नसावं, एवढं खरं.

ते दिवस आठवले की पंचाक्षरीच्या नाकात अजून त्या चुलीचा धूर जातो. संक्रांतीला तिळाच्या पोळ्या, वेळ अमावास्येला शेतात मिसळीच्या भाज्यांची भज्जी आणि आंबील, उन्हाळ्यात कैरीचं पन्हं, आणि थंडीत हुलग्याचे शेंगोळे इतके तिखट, की नाकडोळे वाहू लागायचे आणि तरी हात थांबायचा नाही. सण नसला तर उमाबाई सण शोधून काढायची. "आज काय हाय, उमाई?" असं त्यानं विचारलं, की ती म्हणायची, "आज तुमी आलाव, हेच की."

दोन-तीन वर्षांनी महारुद्र गेला. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. मयताला मखरात बसवून रुद्रभूमीत नेतात. तिथं खड्डा खणलेला असतो, त्याच्या भिंतीत कोनाडा, आणि त्या कोनाड्यात मयताला ध्यानाला बसावं तसं बसवतात. खड्ड्याची लांबी-रुंदी मोजायची ती मेलेल्या माणसाच्याच पावलानं. ज्याचं पाऊल त्याची जागा, असा हिशेब. गावात हे काम सिदूकडं होतं. एरवी तो विहिरी खणायचा.

त्या दिवशी पंचाक्षरी स्वतः खड्ड्यात उतरला. तेव्हा तो सडसडीत होता, हात टेकवून खाली उडी मारली. महारुद्राला बसवलं, डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं, भोवती बेल आणि भस्म भरलं. महारुद्राची मान सारखी एका बाजूला कलंडत होती. पंचाक्षरीनं ती दोन्ही हातांनी धरून सरळ केली, मागं भस्माच्या गोळ्याचा टेकू दिला आणि मग शेवटचा विधी म्हणून मस्तकावर आपलं पाऊल टेकवलं. उमाबाई वर काठावर उभी राहून सगळं बघत होती.

दिवस झाल्यावर ती त्याला म्हणाली, "स्वामी, माझ्या वक्ताला बी तुमीच उतरा. दुसरं कुणी नगं."

"उमाई, असलं अभद्र कावून बोलता?"

"अभद्र काय त्याच्यात? मालकाची मान तुमी सरळ केलीत. लेकराची करत्यात तशी केलीत. माझी बी करा, म्हंजी झालं. तेवढा शबुद द्या."

पंचाक्षरीनं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शब्द दिला. लिंगावर हात ठेवून दिलेला शब्द म्हणजे तो मोडायला मरणच यावं लागतं, आणि इथं तर शब्दच मरणाचा होता.

पुढं वर्षं गेली. उमाबाईची सून आली, नीलम्मा, तीही सासूच्या हाताखाली तयार झाली. आणि पंचाक्षरी? तो वाढत गेला. आधी गाल भरले, मग मान गेली, मग पोट असं पुढं आलं की अडणीवरचं ताट त्याला वाकल्याशिवाय दिसेना. पंगतीत तो भिंतीच्या कडेला बसे, कारण मध्ये बसला तर वाढणाऱ्याला वाट उरत नसे. गावाला त्याचं कौतुकच वाटे. शेजारच्या गावचा जंगम हडकुळा होता, त्यावरून धर्मापुरीची माणसं बाजारात त्या गावच्या लोकांना चिडवायची.

मग आप्पाराव शेटे वारले. आप्पाराव म्हणजे किडकिडा, बुटका माणूस. त्यांच्या पावलांनी मोजलेला खड्डा तो कितीसा असणार? पंचाक्षरी कडेला बसला, पाय सोडले, मंत्र म्हणत खाली सरकला आणि कमरेपाशी अडकला. खालीही जाईना, वरही येईना. आप्पाराव मखरात बसून शांतपणे वाट बघत होते. रडणाऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले, पण पदराआड रडणं नव्हतं हे पंचाक्षरीला दिसत होतं. शेवटी सिदूनं विहिरीचा सोल, म्हणजे जाड दोर, आणला, तो काखेतून घातला आणि चौघांनी 'हर हर महादेव' म्हणत स्वामीला वर काढलं. आप्पारावांना त्यांच्या पुतण्यानं खाली बसवलं. पंचाक्षरीनं काठावर पालथं पडून काठीनं खडाव खाली सोडली आणि तिनंच मस्तकाला स्पर्श केला. पुढं असं काही झालं की परळीहून एक तरुण जंगम बोलवायचा, असं पंचांनी ठरवून टाकलं.

लोक हसले याचं पंचाक्षरीला फार वाईट वाटलं नाही. तो घरी आला, भिंतीला टेकून बसला, आणि एकाएकी उमाबाईची पावलं त्याच्या डोळ्यांसमोर आली. आप्पारावांहून लहान. त्या पावलांनी मोजलेला खड्डा म्हणजे रांजण ठेवायची जागा. तिथं तो कसा उतरणार होता? ती बाई कुणा परक्या परळीवाल्याच्या हातात जाणार आणि तिची मान कलंडलेली राहणार. त्या दिवशी तो पहिल्यांदा न जेवता राहिला.

दुसऱ्या दिवशी तो मोमिनाबादला गेला. तिथल्या हकीमसाहेबांनी नाडी बघितली, पोटावर टिचकी मारली आणि म्हणाले, "स्वामी, इसकी दवा मेरे पास नहीं. खाना आधा करो, चलना दुगना करो."

किती सोपं सांगितलं! सांगणाऱ्याचं काय जातं? पंचाक्षरीनं आधी चालायला घेतलं. रोज भल्या सकाळी परळीच्या वाटेनं निघायचं आणि उन्हं चढली की परत. दिवस नेमके हुरड्याचे. स्वामी चाललाय म्हटल्यावर शेताशेतातून हाका यायच्या, "स्वामी, तसंच जाताव व्हय? कणीस भाजलंय, या की!" भक्ताचं मन कसं मोडायचं? गरम हुरडा, वर लसणाची चटणी, मग गूळ, मग ताक. पंधरवड्यात त्याच्या कमरेचा करदोडा तुटला.

मग त्यानं खाणं निम्मं करायचं ठरवलं. वाढलेलं टाकता येत नाही, तेव्हा वाढतानाच आवर घालावा म्हणून त्यानं जाहीर केलं, "आमचा नेम हाय. पानात एकदाच वाढलेलं घ्यायचं, दुसऱ्यांदा न्हाई." झालं. आता एकदाच वाढायला मिळणार म्हटल्यावर गावातल्या बायांनी पळी ठेवून परातच उचलली. ताटात भाताचा डोंगर, डोंगरावर पोळ्यांची चवड, चवडीवर तूप. आणि ते सगळं संपवायचं, कारण प्रसाद. महिनाभरात पंचाक्षरी अंथरुणावर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळेना. आपण गुरू असून एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली नाही, म्हणून त्यानं स्वतःला शिव्या दिल्या. नेम मात्र शिवरात्रीपर्यंत बोललेला होता. पाळावाच लागला.

त्यानंतर उपाशी राहायचं ठरलं. प्रकृतीचं निमित्त करून त्यानं भिक्षा बंद केली, तर तिसऱ्या दिवशी मोहनराव पाटील दारात. पाटील काही लिंगायत नव्हते, पण गावची अब्रू म्हणजे आपली अब्रू असं मानणारा माणूस.

"स्वामी, ही काय नवी भानगड? गेवराईकडचा माझा साडू आलाय, म्हणतो तुमचा जंगम उपाशी हाय का? गावात दुष्काळ हाय का?"

"पाटील, मला जरा हलकं व्हायचंय."

"हलकं व्हा की, पण आमच्या तोंडाला काळं फासून होऊ नका. धर्मापुरीनं आपला स्वामी उपाशी ठेवला, असं झालं तर आमी कुठं तोंड दाखवायचं? उद्या आमच्या घरी जेवायला या. न्हाई म्हणायचं न्हाई."

आणि या सगळ्या अडथळ्यांत सगळ्यात मोठा अडथळा चुलीपाशी बसलेला होता. उमाबाई आता म्हातारी झाली होती, पण पळी नीलम्माच्या हाती देत नव्हती. पंचाक्षरीनं ताटावर हात आडवा धरला की ती बोटांच्या फटीतून तूप सोडायची. तिच्यासाठीच हे चाललंय हे तिला सांगणार तरी कसं? 'तुमच्या खड्ड्यात मावायचं हाय म्हणून कमी जेवतो,' असं का कुणाला तोंडावर म्हणता येतं?

आप्पारावांच्या मयतीनंतर थोड्याच दिवसांनी तिनं त्याच्याकडं एक खडाव मागितली होती. "जुनी झालेली द्या. देवाऱ्यात ठिवते, पूजा करीन." गुरूच्या खडावा भक्त पूजतात, त्यात नवल काही नव्हतं. पण एकच? "जोडीला जागा न्हाई," म्हणाली. पंचाक्षरीनं एक दिली आणि विसरून गेला.

शेवटी त्याला युक्ती सुचली. गावाच्या जुन्या देवळात त्यानं अनुष्ठान मांडलं. मौन धरायचं, दूध घ्यायचं, बाकी काही नाही. अनुष्ठानात गुरूला कुणी आग्रह करत नाही, उलट लांबून हात जोडतात. पहिले दिवस फार वाईट गेले. ओवऱ्यांत बसून तो जप करी, आणि जपात मधेच शेंगोळे येत. वारा गावाकडून आला की कुणाच्या घरी फोडणी पडली हे त्याला कळे. पण तो बसून राहिला. हळूहळू उपरणं सैल झालं. देवळाच्या गाभाऱ्याची चौकट, जिच्यातून तो आडवा होऊन जात असे, तिच्यातून सरळ जाता येऊ लागलं. त्या दिवशी त्यानं देवाच्या पायरीवर डोकं टेकलं. अजून थोडे दिवस, देवा. अजून थोडे दिवस तिला राहू दे.

आणि नीलम्मा सांगत आली, "आत्याबाईंनी अंथरूण धरलंय. चार दिस झालं, पाण्याबिगर काई घेत न्हाईत. तुमाला बोलवत्यात."

पंचाक्षरीनं मौन सोडलं आणि तसाच निघाला. उमाबाई माजघरात घोंगडीवर पडली होती. आधीच एवढीशी बाई, आता अंथरुणात माणूस आहे की नाही हे शोधावं लागत होतं. तिनं त्याला डोळे भरून बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"वाळलाव."

"न्हाई, उमाई."

"मला शिकवू नगा. तुमच्या बरगड्या मीच झाकल्यात." तिनं मान वळवली. "नीलम्मा, हुग्गी कर. तूप हात राखून घालू नगंस."

पंचाक्षरी खाली बसला. त्याला रडू येत होतं आणि रागही येत होता. इतक्या दिवसांची कमाई, आणि आता, जवळ आल्यावर! अखेर त्यानं मनातलं बोलून टाकलं. "उमाई, मी न्हाई जेवणार. तुमाला शबुद दिलाय मी. लिंगावर हात ठेवून. मला उतरायचंय. आप्पारावांच्या टायमाला काय झालं ते तुमाला ठाव हाय. अजून मी मावत न्हाई, उमाई. थोडं राहिलंय. आता जेवलो तर..."

उमाबाई हसली. दात नव्हते, पण हसणं तेच, पहिल्या दिवशीचं.

"म्हंजी हे उपासतापास माझ्यापायी व्हय? खुळंच हाय लेकरू." आयुष्यात पहिल्यांदा ती गुरूला लेकरू म्हणाली होती आणि तिचं तिलाही ते कळलं नाही. "शबुद मी घेतलाय न्हवं? मग त्याचा घोर मला. तुमी जेवा. मला बघू द्या."

त्यानं जेवायला नको होतं. हकीम, आप्पारावांचा खड्डा, देवळातले ते उपाशी दिवस, सगळं त्याला आठवत होतं. पण तिचे डोळे त्याच्या ताटावर लागले होते, आणि त्या डोळ्यांपुढं नाही म्हणायला तो कधीच शिकला नव्हता. तो जेवला. नीलम्मा वाढत होती आणि उमाबाई पडल्या पडल्या बोटानं खुणावत होती, अजून, अजून. त्यानं ताट धुऊन ते पाणी प्यायलं तेव्हा तिनं समाधानानं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी उजाडताना ती लिंगैक्य झाली.

मखर रुद्रभूमीकडं निघालं. पंचाक्षरी पुढं घंटा वाजवत चालला होता. परळीचा तरुण जंगम आधीच येऊन वेशीपाशी उभा होता, म्हातारीची लक्षणं बघून पंचांनी रात्रीच माणूस धाडला होता. पोरगा चांगला होता, कमरेला उपरणं आवळून तयार. पंचाक्षरीला त्याच्याकडं बघवेना. आपण एका म्हातारीला दिलेला एवढा एक शब्द पोटापायी घालवला, आणि तोही तिनंच वाढलेल्या हुग्गीपायी, असं त्याच्या मनात घोळत होतं.

तो खड्ड्याच्या काठाशी आला आणि थबकला.

खड्डा रुंद होता. चांगला ऐसपैस, दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढा. आणि एका कडेला, विहिरीला करतात तशा, मातीत कोरलेल्या पायऱ्या होत्या.

"हे कुणाचं माप घेतलंस बे सिदू?" परळीचा जंगम ओरडला. "आजीची पावलं एवढीशी, आन् खड्डा बारवेएवढा! माप मयताच्या पावलाचंच लागतंय, रिवाज हाय!"

सिदूनं धोतराच्या सोग्यातून एक खडाव काढली. जुनी, टाचेशी झिजलेली. पंचाक्षरीनं ती लांबूनच ओळखली.

"आजीनं मला गेल्या साली बोलावलतं," सिदू म्हणाला. "ही खडाव देऊन ठिवलती. म्हन्ल्या, माझं माप ह्या खडावेनं घे. मी म्हन्लं, आजी, पंच बोलत्याल. तर म्हन्ल्या, गुरूचं पाऊल माझ्या टकुऱ्यावर चालतंय, मग खड्ड्याला कावून चालत न्हाई? त्यांना इचार म्हणाव."

पंच एकमेकांकडं बघू लागले. परळीच्या जंगमानं कमरेला आवळलेलं उपरणं सोडलं.

"आन् पायऱ्या?" मोहनराव पाटलांनी विचारलं.

"त्या बी त्यांनीच सांगितल्या. म्हन्ल्या, उतरताना एक येळ उतरतील, पर वर येताना त्यांना लोकांनी हसाय नगं."

पंचाक्षरी पायऱ्या उतरला. सावकाश, पोट सांभाळत, कुणाचाही हात न धरता. वरून उमाबाईला खाली दिलं तेव्हा तिचं वजन हाताला लागलंच नाही. आयुष्यभर गावाला जेवू घालणाऱ्या बाईनं स्वतःसाठी काही ठेवलंच नव्हतं. त्यानं तिला कोनाड्यात बसवलं, तळहातावर लिंग ठेवलं, बेल आणि भस्म भरलं. तिची मान कलंडली. त्यानं ती दोन्ही हातांनी सरळ केली, लेकराची करतात तशी, आणि टेकू नीट लागला आहे ना हे दोनदा बघितलं. मग मस्तकावर पाऊल ठेवायची वेळ आली. त्यानं ठेवलं, कारण तिची ती इच्छा होती आणि तो तिचा गुरू होता. पण पाय काढल्यावर तो खाली वाकला आणि त्या एवढ्याशा पावलांवर त्यानं आपलं कपाळ टेकलं. असा रिवाज नाही. वरून सगळ्यांनी बघितलं.

त्यानंतर पंचाक्षरीला कुठलं अनुष्ठान करावं लागलं नाही. घराघरांत पाटावर तो बसे, बाया वाढत, तो प्रसाद संपवी, ताट धुऊन पिई. पण कुणी 'अजून' म्हटलं की त्याचा घास तोंडात फिरू लागे, आणि ते बघून वाढणारीची पळी थांबे. वर्ष-दोन वर्षांत तो असा उतरला, की आता त्याला कुणाच्याही पावलांचा खड्डा पुरतो. गावाला काळजी वाटते. नीलम्मा, तीही आता म्हातारी झाली, कधी कधी हुग्गी करून बोलावते आणि ताटावर आडवा धरलेल्या त्याच्या हाताकडं बघत राहते. त्याच्या बोटांत फटी ठेवलेल्या असतात. तूप मात्र कुणी सोडत नाही.